कौन्सिल मेंबरच्या पत्रकातलं किती खरं धरायचं? (क्वीन्स, न्यूयॉर्क)

प्रश्न थोडक्यात असा होता: "एल्महर्स्टमध्ये भाड्याने राहतो, एच-वन-बी वर आहे, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. दाराखालून कौन्सिल मेंबरचं पत्रक आलं, 'माझे अग्रक्रम: भाडेकरू, कामगार, इमिग्रंट समाज'. मला मत नाही. बिल्डिंगला नीट हीट नाही, लीज संपत आलीय आणि लँडलॉर्ड नवीन द्यायला टाळाटाळ करतोय. पुण्यात नगरसेवक निदान ड्रेनेज तरी साफ करून देतो. हा माणूस खरंच काही करू शकतो का नुसता प्रचार? आणि त्याच्या ऑफिसात गेलो तर व्हिसाला काही त्रास?"

यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आतापर्यंत सगळ्यांनी उत्तर पहिल्याचंच दिलंय, म्हणजे सगळे राजकारणी सारखेच वगैरे. दुसरा प्रश्न थंडीत बसलेल्या तीन वर्षांच्या पोरीचा आहे, माझ्या मते तोच महत्त्वाचा. तरी पहिल्याचं आधी सांगते, कारण ते कळलं की कुठल्या दारात जायचं हे आपोआप कळतं.

मी चौदा वर्षं क्वीन्समध्ये भाडेकरूंना मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करतेय, मधली दोन वर्षं एका कौन्सिल मेंबरच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसात लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायला बसायचे. वकील नाहीये, त्यामुळे कोर्टाचा कागद हातात पडला की माझं ऐकू नका, वकील गाठा.

आपल्याकडे कचेरीत कसं, तासभर रांगेत उभं राहिल्यावर कळतं की ही खिडकी नाही, पलीकडची. इथेही तसंच, फक्त खिडक्या तीन वेगवेगळ्या गावांत आहेत, एक सिटी हॉलमध्ये, दुसरी राज्याची अल्बनीत आणि तिसरी वॉशिंग्टनला. पत्रकं छापताना हे कुणी सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीचंच बघा, शाळांना सुट्टी मिळाली तेव्हा इथल्या अर्ध्या देसी लोकांनी सिटीतल्या पुढाऱ्यांचे आभार मानले, पण कायदा झाला अल्बनीत, गव्हर्नरने सही केली नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पहिली सुट्टी मिळाली १ नोव्हेंबर २०२४ ला. म्हणून कुठलंही पत्रक वाचताना प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने लिहायचं, ही खिडकी कुठली.

भाड्यापासून सुरू करू. तुम्हाला वाटेल शहराच्या कौन्सिलला शहरातलं भाडं ठरवता येत असेल. नाही येत. १९७१ मध्ये राज्याने उर्स्टाट लॉ म्हणून एक कायदा केला, त्याचा अर्थ सरळ सांगायचा तर भाडेनियंत्रणाचे राज्याच्या कायद्यापेक्षा कडक नियम शहराने स्वतःहून करायचे नाहीत. पन्नास वर्षांहून जास्त झाली, तो अजून तसाच आहे. २०१९ मध्ये भाडेकरूंना जे मोठं संरक्षण मिळालं, म्हणजे डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, अर्जाची फी २० डॉलरपेक्षा जास्त नाही, ते सगळं अल्बनीचं. २०२४ चा 'गुड कॉज' कायदा, म्हणजे योग्य कारणाशिवाय भाडेकरूला काढायचं नाही, तोही अल्बनीचा. रेंट स्टॅबिलाइज्ड घरांची, म्हणजे ज्यांचं भाडं ठरवून दिलेल्या मर्यादेतच वाढवता येतं अशा घरांची वाढ दरवर्षी नऊ जणांचं एक बोर्ड ठरवतं आणि ते नऊही जण महापौर नेमतो. बोर्डाने २०१५, २०१६ आणि २०२० ला एक वर्षाच्या लीजवर शून्य वाढ दिली होती, जून २०२५ ला एक वर्षासाठी ३ टक्के आणि दोन वर्षांसाठी साडेचार टक्के दिली. म्हणूनच झोहरान ममदानींनी (आताचे महापौर) भाडं गोठवायचं आश्वासन महापौरपदासाठी उभं राहून दिलं, त्यात निदान खिडकी तरी बरोबर होती. तेच आश्वासन एखादा कौन्सिल मेंबर देत असेल तर तो फार तर बोर्डाच्या सुनावणीत माइकवर बोलू शकतो.

मग कौन्सिलकडे उरतं काय? बरंच उरतं, पण ते पत्रकावर छापायला आकर्षक नसतं. एक गोष्ट तर बहुतेकांना माहीतच नाही, ती म्हणजे शहरातल्या साधारण दहा लाख स्टॅबिलाइज्ड घरांचं संरक्षण कौन्सिलच्या एका ठरावावर उभं आहे. दर तीन वर्षांनी घरांची पाहणी होते, रिकाम्या घरांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असेल तरच कौन्सिलला 'घरांची आणीबाणी' जाहीर करता येते आणि तो ठराव झाला तर पुढे सगळं चालू राहतं. २०२३ च्या पाहणीत हे प्रमाण १.४१ टक्के निघालं, १९६८ नंतरचं सगळ्यात कमी. म्हणजे शंभर घरांत दीड घरसुद्धा रिकामं नाही आणि तुमचा लँडलॉर्ड टाळाटाळ का करतोय त्याचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे, त्याला माहितीये की तुम्ही गेलात तर संध्याकाळपर्यंत दुसरा उभा राहील.

दुसरी गोष्ट वकिलाची. २०१७ मध्ये कौन्सिलने कायदा केला की घर खाली करायची केस पडली आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल तर भाडेकरूला फुकट वकील मिळणार, असं करणारं न्यूयॉर्क देशातलं पहिलं शहर. मी त्याच्या आधीचं हाउसिंग कोर्ट पाहिलंय. एका बाजूला लँडलॉर्डचा वकील, त्याच्या हातात एकाच दिवसाच्या वीस फायली, आणि दुसऱ्या बाजूला आपली माणसं, कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या कसल्याही कागदावर सही करून मोकळी व्हायची. ते आता कमी झालंय. कमी झालंय म्हणते, थांबलंय म्हणत नाही, कारण वकील कमी आणि केसेस जास्त, आणि त्या वकिलांचे पैसे दरवर्षी बजेटमध्ये भांडून मिळवावे लागतात. एच-वन-बी वर दोन पगार असतील तर तुम्ही बहुधा या मर्यादेत बसणार नाही, हेही सांगून ठेवते. तिसरं म्हणजे ब्रोकर फी. ११ जून २०२५ पासून ज्याने ब्रोकर लावला त्यानेच फी द्यायची, हा कौन्सिलचाच कायदा, ४२ विरुद्ध ८ मतांनी झालेला. तुम्ही याआधी घर घेतलं असेल तर दीड महिन्याचं भाडं ब्रोकरला दिलेलं आठवत असेलच, मीही दिलंय, अजून जीव जळतो.

आणि चौथी गोष्ट जमिनीची, म्हणजे कुठे किती मजले बांधायचे. ही खिडकी पूर्णपणे शहराची. डिसेंबर २०२४ मध्ये घरं वाढवण्याचा मोठा आराखडा ३१ विरुद्ध २० ने पास झाला, त्यात क्वीन्समधल्याच कितीतरी मेंबर्सनी विरोधात मत दिलं. इथे मी जरा तिरकी होते. पत्रकावर 'भाडेकरूंच्या पाठीशी' लिहायचं आणि आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये चार मजली बिल्डिंग आली की पार्किंगचं कारण काढून नाही म्हणायचं, असं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ तळघरातल्या घरांत, जास्तीत जास्त क्वीन्समधली. परवडणारं घर वर मिळालं नाही म्हणून ती खाली राहत होती. म्हणून मेंबरची भाषणं ऐकण्यापेक्षा जमिनीच्या प्रश्नावर त्याने मत काय दिलं ते बघा, कौन्सिलच्या साइटवर प्रत्येक मताची नोंद असते.

कामगारांचं थोडक्यात. किमान वेतन अल्बनी ठरवते, जानेवारी २०२६ पासून इथे तासाला १७ डॉलर, कौन्सिल त्यात एक सेंट वाढवू शकत नाही. पण अॅपवरून जेवण पोचवणारी मुलं कायद्याच्या भाषेत नोकरच नाहीत, त्यामुळे त्यांना ते किमान वेतनही लागू नव्हतं, आणि नेमक्या त्या फटीत कौन्सिलला हात घालता आला. २०२१ च्या कायद्याने त्यांचा किमान दर ठरवायला लावला, कंपन्या कोर्टात गेल्या, शेवटी २०२३ च्या अखेरीस १७.९६ डॉलर लागू झाला आणि एप्रिल २०२५ ला तो २१.४४ झाला. पगारी आजारपणाची रजाही शहराचीच, २०१३ मध्ये महापौर ब्लूमबर्गने नाकारलेला कायदा कौन्सिलने व्हेटो मोडून पास केला होता. ती रजा इमिग्रेशनचं स्टेटस न बघता मिळते, रोखीत पगार असला तरी. तुम्हाला स्वतःला याचा फार उपयोग नसेल पण तुमच्याकडे मुलीला सांभाळायला कुणी बाई येत असतील तर त्यांना ही रजा द्यायची जबाबदारी तुमची आहे, आपल्या लोकांना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

इमिग्रंट समाज म्हणजे तिसरी खिडकी, वॉशिंग्टन. व्हिसा, ग्रीन कार्डची रांग, स्टॅम्पिंग, यातलं काहीही कौन्सिल मेंबरच्या हातात नाही. मी ऑफिसात बसायचे तेव्हा महिन्यातून दोनतीन देसी लोक तरी अडकलेल्या केसची रिसीट नोटीस घेऊन यायचे. त्यांना काँग्रेस मेंबरच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेतल्या आपल्या भागाच्या प्रतिनिधीच्या, ऑफिसचा नंबर द्यायचा, बस. तिथे खरंच एक माणूस याच कामाला असतो आणि केस वेळेबाहेर गेली असेल तर चौकशीचं पत्र जातं, त्याचा कधी उपयोग होतो कधी नाही.

पण शहर एक करू शकतं, स्वतःची यंत्रणा वॉशिंग्टनच्या दावणीला बांधायची नाही असं ठरवू शकतं. २०१४ मध्ये कौन्सिलने कायदे केले की न्यायाधीशाचं वॉरंट आणि गंभीर गुन्ह्याची शिक्षा असल्याशिवाय शहराचे तुरुंग आणि पोलीस कुणाला 'आइस'च्या, म्हणजे लोकांना पकडून देशाबाहेर काढणाऱ्या केंद्राच्या इमिग्रेशन यंत्रणेच्या, ताब्यात द्यायला थांबवून ठेवणार नाहीत. २०२५ मध्ये तेव्हाच्या महापौरांच्या प्रशासनाने रायकर्स बेटावरच्या तुरुंगात आइसला पुन्हा ऑफिस द्यायचा आदेश काढला, तर कौन्सिल कोर्टात गेली आणि तो आदेश रद्द झाला. त्याच्याही आधी २०१३ मध्ये कौन्सिलच्या पैशातून डिटेन्शनमधल्या लोकांना सरकारी खर्चाने वकील द्यायला सुरुवात झाली, देशात असं पहिल्यांदा झालं. गुन्ह्याच्या केसमध्ये परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील हा हक्क आहे पण देशाबाहेर काढायच्या केसमध्ये नाही, हे आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं.

मताबद्दल. तुम्ही लिहिलंत की मला मत नाही. ते जवळजवळ मिळालं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये कौन्सिलने ३३ विरुद्ध १४ ने कायदा केला की ग्रीन कार्डवाले आणि कामाचा परवाना असलेले सुमारे आठ लाख लोक शहराच्या निवडणुकीत मत देऊ शकतील, म्हणजे एच-वन-बी वाले सुद्धा. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने सहा विरुद्ध एक ने तो उडवला, राज्यघटनेत मतदार म्हणजे नागरिकच असं म्हणून. आता एक बारीक मत उरलंय, पार्टिसिपेटरी बजेटिंग, म्हणजे मेंबर आपल्या वाट्यातले निदान दहा लाख डॉलर बाजूला काढतो आणि शाळेचं बाथरूम की बागेतले दिवे ते लोक ठरवतात. त्यात ११ वर्षांवरचा कुणीही मत देतो, कागदपत्रं विचारत नाहीत. सगळे मेंबर करत नाहीत, तुमचा करतो का ते विचारा.

आता नगरसेवकाशी तुलना, कारण ती तुम्ही केलीत आणि ती निम्मी बरोबर आहे. मुंबईत २२७ नगरसेवक, इथे २०२० च्या जनगणनेप्रमाणे ८८ लाखांच्या शहराला ५१, म्हणजे एकाच्या वाट्याला जवळजवळ पावणेदोन लाख माणसं येतात. ड्रेनेज, कचरा, खड्डे यासाठी इथे आधी ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरला, फोन, मेंबर नंतर. पण आपल्या नगरसेवकाचं खरं बळ कशात असतं, सभागृहात नाही, तर वॉर्ड ऑफिसातला साहेब त्याचा फोन उचलतो यात. इथेही अगदी तेच आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून पुढे कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते तेव्हा माझी आई फोनवर म्हणायची, "कामं होतात गं, पण कुणाला धरायचं तेच कळत नाही." डिस्ट्रिक्ट ऑफिस म्हणजे धरायला असलेला माणूस.

एक उदाहरण, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. एल्महर्स्टमध्येच एक सहा मजली बिल्डिंग, डिसेंबर, पाच दिवस बॉयलर बंद. पहिल्या दिवशी एक बंगाली काका ऑफिसात आले, आम्ही ३११ चा नंबर नोंदवून घेतला, हाउसिंग डिपार्टमेंटला फोन केला, इन्स्पेक्टर आला तेव्हा काका कामावर, दार बंद, तक्रार निकाली. दोन दिवसांनी तेच काका चौदा घरांच्या सह्या, प्रत्येकाचा वेगळा तक्रार नंबर आणि थर्मामीटरचे फोटो घेऊन आले, सोबत एक नेपाळी बाई, एक कोलंबियन आजी. त्या दिवशी मेंबरने स्वतः फोन केला, संध्याकाळपर्यंत इन्स्पेक्टर आणि तिसऱ्या दिवशी बॉयलर. ऑफिस तेच, फोन तोच, कायदा तोच. आमच्या टेबलावर रोज पन्नास कागद यायचे, कुठला वर ठेवायचा ते कागदच ठरवतो.

तर तुमचं. आधी हीट. १ ऑक्टोबर ते ३१ मे, सकाळी ६ ते रात्री १० बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८ हवं, रात्री बाहेर काहीही असो घरात किमान ६२. दहा डॉलरचं थर्मामीटर घ्या, भिंतीपासून लांब ठेवा, दिवसातून तीनदा वेळेसकट फोटो काढा. प्रत्येक वेळी कमी दिसलं की ३११ वर नवीन तक्रार, जुनीच्या भरवशावर बसायचं नाही, आणि इन्स्पेक्टर येईल तेव्हा घरी कुणीतरी हवं. शेजाऱ्यांनाही त्यांच्या नावाने करायला लावा. इंग्लिशची अडचण तुम्हाला नसेल पण आईवडील आले असतील तर ३११ दुभाष्या देतं. शहराने प्रत्येक खात्याला ज्या दहा भाषा सक्तीच्या केल्यात त्यात बंगाली आणि उर्दू आहेत, हिंदी-मराठी नाही, तरी फोनवर मागितला तर दुभाष्या मिळतो.

लीजचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, घर स्टॅबिलाइज्ड आहे का. ढोबळ खूण म्हणजे सहा किंवा जास्त घरांची आणि १९७४ च्या आधीची बिल्डिंग. एल्महर्स्टमधल्या विटांच्या सहा मजली जुन्या बिल्डिंगा बऱ्याचशा यात येतात, पण खूण म्हणजे पुरावा नव्हे. राज्याच्या हाउसिंग खात्याकडून आपल्या घराची 'रेंट हिस्टरी' मागवा, फुकट आहे, तुमच्या पत्त्यावर येते, लँडलॉर्डला कळत नाही. स्टॅबिलाइज्ड निघालं तर लीज संपायच्या १५० ते ९० दिवस आधी त्याने नवीन लीज देऊ करणं बंधनकारक आहे, एक वर्षाची का दोन हे तुम्ही निवडायचं, आणि वाढ बोर्डाची. गिरगावात पागडीचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना वाटतं हे तसलंच, पण इथे भाडं दरवर्षी वाढतं, फक्त मनाला येईल तसं नाही. स्टॅबिलाइज्ड नसेल तर 'गुड कॉज' लागू होतं का ते बघायचं, लँडलॉर्डकडे दहापेक्षा जास्त घरं नसतील किंवा बिल्डिंग २००९ नंतरची असेल तर बहुतेक नाही. आणि दोन्ही नसेल तर खरं सांगते, त्याला लीज न देण्याचा हक्क आहे, फक्त किती राहिलात त्यावर ३०, ६० किंवा ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. अशा वेळी कौन्सिल मेंबरही फार काही करू शकत नाही. एक कवच मात्र बहुतेक सगळ्यांना आहे (मालक स्वतः राहतो अशा चारपेक्षा कमी घरांच्या बिल्डिंगा सोडून), तुम्ही तक्रार केल्यावर वर्षाच्या आत त्याने लीज नाकारली तर राज्याचा कायदा आधी तो सूड आहे असंच धरून चालतो आणि तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. म्हणून तक्रारीची लेखी नोंद आजच हवी, लीज संपल्यावर नाही.

व्हिसाचं. २००३ पासून शहराचा आदेश आहे की गरज नसताना कर्मचाऱ्यांनी इमिग्रेशन स्टेटस विचारायचंच नाही. ३११ विचारत नाही. मेंबरच्या ऑफिसात पत्ता आणि फोन नंबर घेतात, मी दोन वर्षांत एकदाही कुणाचा व्हिसा विचारला नाही. हीटची तक्रार ही सरकारी मदत नव्हे, तुमच्या अर्जांत ती कुठेही लिहावी लागत नाही. आणि लँडलॉर्ड स्टेटसवरून काही धमकी देत असेल, "इमिग्रेशनला कळवू का" वगैरे, तर शहराच्या मानवी हक्क कायद्यात तोच गुन्ह्यासारखा धरला जातो आणि दंड होतो. असा मेसेज आला तर डिलीट करू नका.

तुमच्या भागाचा बराचसा भाग २५ व्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो, तिथले शेखर कृष्णन निवडून यायच्या आधी भाडेकरूंचे वकील होते, पण हद्दी गल्लीगल्लीने बदलतात तेव्हा पत्ता टाकून बघून घ्या, चुकीच्या ऑफिसात गेलात तर तेही पलीकडची खिडकी दाखवतील. मंगळवार-बुधवारी सकाळी जा, सोमवारी शनिवार-रविवारचं सगळं साचलेलं असतं. "तुम्ही इमिग्रंटसाठी काय करता" असं विचारलंत तर पुन्हा पत्रकच हातात देतील. तक्रारींचे नंबर, फोटो आणि शेजाऱ्यांच्या सह्या टेबलावर ठेवा आणि विचारा, हाउसिंग डिपार्टमेंटला आज फोन कराल का, आणि मी परत कधी येऊ.

बिल्डिंग किती घरांची, साधारण कधीची, लीज कुठल्या तारखेला संपते, एवढं इथे लिहा. तारीख ९० दिवसांच्या आत असेल तर रेंट हिस्टरीचा अर्ज आज रात्रीच टाका, ती यायला वेळ लागतो.